उन्हाळ्यात मोजलेलं अंतर

माझ्या कामात मला सर्वांत जास्त राग कुठल्या शब्दाचा येत असेल, तर तो 'सर्वानुमते' या शब्दाचा. शाळेच्या प्रत्येक ठरावात तो असतो. वाचणारा तो जरा लांबवून वाचतो, पुढे बसलेले माना डोलावतात, आणि ज्यांचं मत कुणी विचारलेलंच नसतं ती माणसं त्या वेळी घरी भाकऱ्या थापत असतात, नाहीतर देवळाच्या पायरीखाली उभी असतात.

संपादकांनी मला सांगितलं होतं, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. गमती आहेत, सांगतेही. पण हा लेख हलका होईल याची हमी मी त्यांना दिलेली नाही.

मी आर्किटेक्ट आहे. जिल्ह्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांच्या खोल्या कुठे आणि कशा बांधायच्या, या कामात गेली बरीच वर्षं आहे. कंत्राटी पद, दर वर्षी नवा आदेश. मी लागले तेव्हा शाळा बांधण्याची नवी योजना नुकतीच आली होती. पूर्वी इमारत ठेकेदार बांधायचा आणि गावाला ती झाल्यावरच दिसायची. नव्या योजनेत गावाच्या समितीनं स्वतः खोली बांधायची होती, आणि त्याआधी सगळ्या गावानं एकत्र बसून जागा ठरवायची होती. ज्यांची मुलं शाळेपासून सर्वांत लांब पडतात, त्यांचा विचार आधी करायचा, असंही त्यात लिहिलं होतं. मी वाचलेल्या सरकारी नियमांमधला हा सर्वांत चांगला नियम होता. हे मी टोमण्यानं म्हणत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, शाळेची खोली म्हणजे चार भिंती आणि फळा. त्यात ठरवण्यासारखं काय असतं? खूप असतं. दार उघडल्यावर पाऊस आत येतो का. संडासाकडे जाणारी मुलगी रस्त्यावरच्या पानटपरीला दिसते का. खिडकीचा खालचा कट्टा किती उंच आहे. जुन्या नमुन्यात तो मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर असायचा. म्हणजे जमिनीवर बसलेल्या मुलाला दिवसभर भिंत आणि वर आभाळाची एक पट्टी दिसायची. मी तो खाली घ्यायला लागले, तेव्हा एका गावात मला समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, खिडकी एवढी खाली घेतलीसा तर पोरं भायेरच बघत बसतील की."

"बघू देत," मी म्हटलं.

"आन् शिकायचं कवा?"

मला उत्तरं घरी पोचल्यावर सुचतात. मी मुळात कमी बोलणारी. त्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली. माझं मराठी घरचं आणि पुस्तकातलं, सभेतलं नाही. पहिली दोन वर्षं माझ्याबद्दल गावोगावी एकच शेरा ऐकू यायचा, "मॅडम पुस्तकागत बोलत्यात."

माझं घर शिवाजी पेठेत. तिथे न बोलणारं माणूस आजारी समजलं जातं. आमच्या समोरच्या घरातली माझ्याच वयाची मुलगी पालिकेच्या शाळेत जायची आणि मी रिक्षातून माझ्या शाळेत. एकदा उन्हाळ्यात आम्ही दोघी सागरगोटे खेळत होतो. मी पाण्याची बाटली पुढे केली तर ती म्हणाली, "घरात हाय तवा पितो. शाळेत आमी पाणी पीत न्हाय." (कोल्हापुराकडे बायकामुलीही स्वतःबद्दल 'पितो', 'जातो' असंच म्हणतात.) मला वाटलं, त्यांच्या शाळेचा काही नियम असेल. नियम नव्हता. शाळेच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. आमच्या शाळेत गार पाण्याचं यंत्र होतं आणि आम्ही त्यातल्या पाण्यानं एकमेकींना भिजवायचो. दोन्ही शाळा एकाच रस्त्यावर होत्या. मी ही नोकरी का धरली असं कुणी विचारलं तर मी सहसा दुसरंच काहीतरी सांगते.

आता गमती. एका गावात दोन खोल्यांचं काम होतं. मी पाहणीला गेले तर खोल्यांचा पाया जेमतेम जोत्यापर्यंत आला होता आणि शाळेपुढे कमान मात्र पूर्ण उभी होती. वर दोन सिंह होते. समितीतले लोक मला सिंह दाखवत होते.

"खोल्या?" मी विचारलं.

"हुतील की! आधी रस्त्यावनं जाणाऱ्याला कळाय नगो व्हय, हितं शाळा हाय म्हणून?"

दुसऱ्या एका गावात मुलींसाठी बांधलेला संडास इतका स्वच्छ होता की मला आश्चर्य वाटलं. मग कळलं, तो वर्षभर कुलपातच होता. किल्ली मुख्याध्यापकांकडे. मी विचारलं, मग मुली कुठे जातात? ते म्हणाले, "जात्यात की हिकडं तिकडं. हा ठेवलाय मॅडम, तुमच्यासारखं कोण आलं तर." मी त्या दिवशी कुलूप काढायला लावलं आणि ते पर्समध्ये घालून घेऊन आले. ऑफिसात सगळे हसले. आमचे उपअभियंता चौगुले साहेब म्हणाले, "मॅडम, सरकारी कुलूप पळवलंसा!" मीही हसले, पण मला हसू आलं नव्हतं.

चौगुले साहेबांविषयी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ते वाईट वाटतील. ते वाईट नव्हते. ऊन असलं की माझ्यासाठी जीप सावलीत लावायला सांगायचे, आणि सभेत माझा आवाज पोचला नाही तर माझंच वाक्य मोठ्यानं परत म्हणायचे. फक्त एकदा झालेला कागद परत उघडायचा, याचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

आता खरी गोष्ट.

गडहिंग्लजहून एसटीनं तासाभराच्या आत पोचता येतं असं हे गाव. नाव लिहीत नाही, मला अजून तिथे जावं लागतं. गाव मोठं, बाजाराचं. दुकानांत कानडी, सभेत मराठी, आणि भांडणात दोन्ही. समितीचे अध्यक्ष आप्पा. त्यांचं किराणा आणि बी-बियाण्याचं दुकान. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला "बा तंगी, कूत्को" म्हणजे ये बहिणी, बस, म्हणून खुर्ची दिली आणि माझ्यापुढे शेंगदाण्याचे लाडू ठेवले. गावाच्या पूर्वेला ओढा, आणि ओढ्यापलीकडे माळावर धरणग्रस्तांची वसाहत. पश्चिमेकडच्या खोऱ्यात धरण झालं तेव्हा तिथली घरं उठवून इथे आणली होती. त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती.

वसाहतीतली मुलं गावातल्या शाळेत येत. उन्हाळ्यात ओढा कोरडा, पाच-दहा मिनिटांची वाट. पावसाळ्यात ओढा भरला की पुलावरून वळसा, तिपटीहून जास्त. तोही खडीचे डंपर जातात त्या रस्त्यानं. लहान मुलं मग यायचीच नाहीत. जून ते सप्टेंबर, जवळजवळ सबंध पहिलं सत्र.

त्या वर्षी गावाला दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या. त्या कुठे बांधायच्या, एवढंच ठरवायचं होतं. वसाहतीचं मागणं साधं होतं: माळावर गायरान आहे, तिथे बांधा. दोन नाही तर निदान एक, म्हणजे पहिली ते चौथीची पोरं पावसाळ्यात घरी बसणार नाहीत. हे मागणं घेऊन माझ्याकडे आली ती अनुसयाबाई. तिची सविता तेव्हा दुसरीत होती आणि पहिलीतला निम्मा वेळ तिनं घरी काढला होता.

"लेक हुशार हाय," अनुसयाबाई मला म्हणाली. "पण दर वर्साला दिवाळीला पुन्हा पयल्यापास्नं सुरवात. किती डाव शिकायचं तेच तेच?"

गावाच्या बैठकीसाठी आम्हाला प्रशिक्षणात एक पद्धत शिकवली होती. इंग्रजी पुस्तिका होती, कुठल्याशा मोठ्या शहरात छापलेली. गावकऱ्यांना जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढू द्या, त्यात लोक ये-जा करतील, खुणा बदलतील, चर्चा होईल. ज्यानं हे लिहिलं त्यानं दारातली रांगोळी कधी पाहिली होती का, हे मला ठाऊक नाही. आपल्याकडे काढलेल्या रांगोळीत कोण पाय घालतं?

बैठक देवळाच्या मंडपात झाली. आप्पांच्या घरातल्या आणि शेजारच्या मुली काठपदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. त्यांनी नकाशा काढला. देऊळ, बाजार, एसटीचा थांबा, जुनी शाळा, आप्पांचं दुकान. मग त्यात हळदीकुंकवाचे रंग भरले. मग कडेनं ठिपक्यांची वेलबुट्टी, आणि चार कोपऱ्यांत चार कमळं. फार सुंदर झाला होता. आमच्या छायाचित्रकारानं खुर्चीवर चढून फोटो घेतला, आणि तो पुढे लोकसहभागाचा नमुना म्हणून छापलाही गेला.

वसाहतीतले आठ-दहा जण पायरीखाली उभे होते. आप्पांनी हाक मारली, "या की पावणं, असं लांब का हुबं?"

त्यांच्यातले एक म्हातारे आजोबा म्हणाले, "पंचवीस वर्सं झाली आप्पा. आजून पावणंच व्हय आमी?"

सगळे हसले. आप्पाही हसले. "आवो, मानानं म्हंतोय की!"

मी अनुसयाबाईला वर बोलावलं आणि तिचं घर नकाशात दाखवायला सांगितलं. ती आली. रांगोळीच्या कडेला उभी राहिली. ओढा काढलेलाच नव्हता, ओढ्याच्या जागी ठिपक्यांची वेल होती, आणि वसाहत असायला हवी तिथे पूर्वेच्या कोपऱ्यातलं कमळ.

ती हळूच म्हणाली, "माझं घर काढायचं तर ह्या कमळावर पाय द्यावा लागंल बाई. देवळात कसा देऊ?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या. देवस्थाननं रस्त्याकडेची जागा शाळेला दिल्याचं आप्पांनी जाहीर केलं होतं. कारणंही चांगली होती. एसटी थांब्याजवळ, बाहेरगावचे गुरुजी उतरले की शाळेत. रस्त्यावरून शाळा दिसणार. पाण्याची लाईन शेजारून जाते. लगेच नव्या जागेवर नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि ठराव झाला. सर्वानुमते.

परत येताना जीपमध्ये मी चौगुले साहेबांना म्हटलं, "वसाहतीतल्या एकाही माणसाचा हात वर नव्हता."

"खालीबी नव्हता की," ते म्हणाले. "विरोध कुणी केला काय? न्हाई. मग? गाव म्हणतंय तसं करायचं. लोकसहभाग म्हणजे तेच."

"पण सर, पावसाळ्यात त्यांना पुलावरून..."

"अंतर नियमात बसतंय मॅडम. एका किलोमीटरच्या आत हाय. मोजणी झालीय."

मोजणी झाली होती हे खरं होतं. ती मे महिन्यात झाली होती. टेप कोरड्या ओढ्यातून सरळ आरपार नेली होती. हे मला माहीत होतं, कारण मोजणीला मी हजर होते. आपल्याकडे सगळी अंतरं उन्हाळ्यात मोजतात. शेतं मोकळी असतात, चिखल नसतो, माणसं मिळतात. आणि शाळा भरते जूनमध्ये. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मोजणाऱ्या आणि मोजायला सांगणाऱ्या इतक्या सगळ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणालाच कधी दिसलं नव्हतं. याचा मला आजही इतका राग येतो की लिहिताना पेन कागदात रुततं.

जुलैमध्ये मी एक रजा टाकली आणि एसटीनं एकटीच गेले. ऑफिसला सांगितलं नाही. ओढा तांबड्या पाण्यानं भरून चालला होता, मोठ्या माणसाच्या छातीला लागेल इतका. अनुसयाबाईनं त्या दिवशी मुद्दाम सविताला शाळेत पाठवायचं ठरवलं, मला वाट दाखवायला म्हणून. मी आणि सविता निघालो. तिनं चपला हातात घेतल्या, चिखलात तुटतात म्हणून.

"ताई, तुमी इंग्लिश शाळंत शिकलासा व्हय?"

"हो."

"मग पाऊस पडतोय ला काय म्हंत्यात?"

मी सांगितलं. "इट्स रेनिंग, इट्स रेनिंग," असं म्हणत ती पुलापर्यंत आली. पुलावर कठड्याला चिकटून चालावं लागतं. एक डंपर इतक्या जवळून गेला की आम्ही दोघी कमरेपर्यंत चिखलानं माखलो. सविता म्हणाली, "ह्यो बरा हाय. हॉर्न तरी देतोय."

शाळेत पोचलो तेव्हा पहिला तास संपत आला होता. उशिरा येणाऱ्यांना दाराशी उभं करायची तिथे पद्धत होती. सविता कुणी न सांगता दाराशी उभी राहिली. बाईंनी मला बघितलं, माझ्या कपड्यांवरचा चिखल बघितला, आणि ओशाळून म्हणाल्या, "बस गं आत." आणि मला म्हणाल्या, "मी तरी काय करू मॅडम? यायला उशीर, नाहीतर येतच नाहीत."

त्या दुपारी मी वसाहतीत विचारलं, गावातली आणि वसाहतीतली माणसं एकत्र कुठे येतात? लग्नात नाही. देवळात नाही, म्हणजे येतात पण पायरीखाली. अनुसयाबाई म्हणाली, "डेअरीत."

खरंच होतं. दूध संस्था एकच. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना आपापली किटली घेऊन तिथे यावं लागतं, आणि आधी आलेला पुढे. तिथे आप्पाही रांगेत असतात आणि त्यांच्या पुढे वसाहतीतली बाई असली तर पुढेच असते. शिवाय तिथे बायका येतात, सभेत ज्या कधीच बोलत नाहीत त्या, आणि तिथे त्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो.

पुढच्या वेळी मी मुक्कामाला गेले आणि सकाळी डेअरीत जाऊन उभी राहिले. शाळेतून खडू आणले होते. डेअरीची सिमेंटची फरशी जिथे कोरडी होती तेवढ्या भागात मी देऊळ, पूल, शाळा आणि नवी जागा काढली. काढता काढताच लोक त्यावरून चालले, किटल्या घासल्या. कुणाला काही वाटलं नाही. मला फार बरं वाटलं.

"काय करालाय मॅडम?"

"शाळेत जाणारं मूल ज्याच्या घरी आहे, त्यानं आपल्या घराच्या जागी किटलीचं झाकण ठेवायचं," मी म्हटलं. इतकं मोठं वाक्य मी तोवर इतक्या लोकांपुढे बोलले नव्हते.

"आन् दूध झाकायचं कशानं? माश्यांनी?" एक बाई म्हणाली, आणि तिनंच पहिलं झाकण ठेवलं.

मग झाकणं पडायला लागली. गावातली, मळ्यातली. वसाहतीतल्या बायकांनी पुलाच्या पलीकडे आपली ठेवली. ती बाजू भरत गेली तसा गलका कमी झाला. अनुसयाबाईनं आपलं झाकण ठेवलं, पाय नुकत्याच धुतलेल्या फरशीच्या पाण्यात बुडवला आणि नकाशावरून ओला पाय ओढत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ह्यो वढा," ती म्हणाली. "आप्पा, आता ह्यातनं माझी सविता शाळंत घालवून दावा."

आप्पा तिच्या मागेच रांगेत उभे होते. त्यांनी किटली खाली ठेवली आणि वाकून झाकणं मोजली.

"हिकडं एवढी पोरं हायत?" त्यांनी विचारलं.

"मग काय आमी पंचवीस वर्सं हितं नुसतं पावणं म्हणूनच ऱ्हायलो व्हय?" ते आजोबा मागून म्हणाले.

या वेळी हसले ते वेगळ्या तऱ्हेनं हसले.

"पण आता नारळ फुटलाय की!" आप्पा कळवळून म्हणाले. ही त्यांची खरी अडचण होती. देवाच्या नावानं जागेवर नारळ फोडला की जागा ठरली, ती बदलली तर देवाला आणि लोकांना तोंड काय दाखवायचं? बाहेरच्या माणसाला हे खोटं कारण वाटेल. तसं ते नव्हतं.

अनुसयाबाई म्हणाली, "फुटला म्हंजे दोन भकलं झाली का न्हाईत? मग एक भकल तितं, एक हितं. एक खोली देवाच्या जागंत बांधा, एक आमच्या माळाला."

सगळी डेअरी खदखदून हसली. दूध मोजणारा पोरगा माप हातात धरून हसत होता. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "अक्का, तू निवडणुकीला हुबं ऱ्हा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या मॅडम. एक हितं, एक तितं. गावानं ठरवलं."

मी त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी बसून गडहिंग्लजपर्यंत एकटीच हसत होते. मला वाटलं, काम झालं. नियमात लिहिलं होतं तसंच, अगदी तसंच झालं होतं. सगळं गाव बसून, म्हणजे उभं राहून, बोललं होतं, आणि सर्वांत लांबच्यांचा विचार आधी झाला होता.

ऑफिसनं तो निर्णय मानला नाही.

पहिलं कारण, दोन्ही खोल्या एकाच आवारात मंजूर होत्या. दुसरं, देवळातल्या बैठकीचा ठराव वर गेला होता आणि त्यात एकमत होतं. डेअरीत झाली ती बैठक नव्हतीच, कारण तिची सूचना निघाली नव्हती. तिसरं, अंतर नियमात बसत होतं. मी म्हटलं, अंतर पावसाळ्यात परत मोजू. चौगुले साहेब म्हणाले, "मोजणी उन्हाळ्यातच असती मॅडम." मी विचारलं, असा नियम आहे का? ते म्हणाले, "नियम न्हाई. पद्धत हाय."

मी त्यांच्या वरच्यांना लिहिलं. आधी इंग्रजीत लिहिलं, कारण रागावले की मला इंग्रजी सुचतं. मग वाटलं, इंग्रजी वाचून ते माझ्या इंग्रजीचंच कौतुक करतील. म्हणून मराठीत परत लिहिलं. भेटीला गेले. त्यांनी चहा मागवला आणि मला समजावलं, की लोकसहभाग हा आपल्या योजनेचा आत्मा आहे, आणि गावानं एकदा घेतलेल्या निर्णयात आपण ढवळाढवळ करू नये. गावानं दोनदा निर्णय घेतला आणि तुम्ही तुम्हाला सोयीचा निवडलात, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं.

त्या दोन्ही खोल्या रस्त्याकडेला झाल्या. आप्पांनी काम चोख करून घेतलं. खिडक्या खाली आहेत, संडासाचं दार रस्त्याकडे नाही. मी त्या खोल्यांना वाईट म्हणू शकत नाही आणि त्यांच्याकडे नीट बघूही शकत नाही.

वसाहतीला खोली मिळायला पुढे कितीतरी पावसाळे गेले. दुसरी योजना आली, वसाहतींसाठी वेगळी मंजुरी आली. आप्पांनी स्वतः तीन वेळा कोल्हापूरला खेपा घातल्या, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. गायरानावर एक खोली, व्हरांडा, दोन संडास. नकाशा मीच काढला.

उद्घाटन एका मे महिन्यात झालं. मंडप, स्पीकर, पाहुणे. आप्पा भाषणात म्हणाले, मॅडमनी या खोलीसाठी फार कष्ट घेतले, त्यांचा सत्कार करूया, आणि मला पुढे ओढून माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला. मग माइक माझ्या हातात आला. मी सभेत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. मी म्हटलं, "ही खोली आज कुणी दिलेली नाही. ती तुमची होती आणि ती इतकी वर्षं अडवून ठेवली होती. त्या वर्षांत ज्या मुलांची शाळा सुटली, त्यांची माफी कोण मागणार?"

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी माणूस खाली बघेल.

खाली उतरले तर मंडपाच्या कडेला सविता उभी होती. मी आधी ओळखलं नाही. उंच झाली होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती, आणि आता ती आजऱ्याच्या बाजूला काजूच्या कारखान्यात जात होती. टरफलांच्या तेलानं बोटं काळी पडली होती.

"ताई, फेट्यात काय भारी दिसालाय!" ती म्हणाली.

"खोली बघितलीस?"

"बघितली की. चांगली हाय. बसून भायेर दिसतंय." मग हसून म्हणाली, "आता ह्या बारक्यास्नी पावसाची सुट्टी न्हाई. बिचारी!"

तेवढ्यात कारखान्याच्या टेम्पोनं हॉर्न दिला आणि ती पळत जाऊन मागे चढली. दुपारची पाळी होती.

मी फेटा उतरवला. त्याची घडी एकटीला करता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. तसाच गोळा करून हातात धरला आणि चौगुले साहेबांकडे गेले. ते जेवणाच्या पंगतीकडे निघाले होते.

"साहेब, तालुक्यात ओढ्यापलीकडं किती वस्त्या आहेत?"

"असतील की. का?"

"जूनमध्ये मला त्या सगळ्यांची अंतरं परत मोजायची आहेत."

"पावसात?"

"पावसातच. मुलं चालतात त्या वाटेनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या फेट्याकडे. "मॅडम, जेवून घ्या आधी. रागात हाय तुमी."

"हो, रागात आहे. टेप द्या आणि एक माणूस द्या."

"पावसाळ्यात माणूस कुठला देऊ? आपलं कोण तयार हुतंय चिखलात टेपचं दुसरं टोक धरायला?"

अनुसयाबाई वाढायला भाताचं घमेलं घेऊन आमच्या शेजारून चालली होती. ती थांबली, घमेलं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत म्हणाली,

"मी धरतो की."